चार्ल्स्टन, ब्यूफर्ट, सव्हाना, सेंट ऑगस्टिन : आईबाबांना घेऊन गाडीने (आणि एका सुपाची गोष्ट)

खारीबिस्कीट

आईबाबा सहा महिन्यांसाठी आमच्याकडे उत्तर कॅरोलायनात, शार्लटला आलेत. मुलांची वसंतातली सुट्टी लागली तेव्हा ठरवलं की या वेळी नायगारा नाही, न्यूयॉर्क नाही. दक्षिणेचा किनारा धरून खाली जायचं. आम्ही दोघं, थोरला (वय १३), धाकटी (वय ८), आई, बाबा. सात आसनी गाडी, मागे भाकरवडीचा डबा आणि आईची इलेक्ट्रिक किटली. सात रात्री : चार्ल्स्टन दोन, ब्यूफर्ट एक, सव्हाना दोन, सेंट ऑगस्टिन दोन. शार्लटहून चार्ल्स्टन साडेतीन तास. परतीचा पल्ला मात्र सेंट ऑगस्टिनहून थेट, साडेसहा-सात तासांचा. तो एका दमात करू नका, हे आत्ताच सांगून ठेवते.

चार्ल्स्टन १६७० चं. रंगीत घरांची ती प्रसिद्ध रांग, रेनबो रो, तेरा घरांची आहे आणि पाच मिनिटांत बघून होते. मला जास्त आवडली तिथली 'सिंगल हाउस'. घराची अरुंद बाजू रस्त्याकडे, आणि लांबच्या लांब पडवी कडेला, समुद्राचा वारा घ्यायला. गंमत म्हणजे रस्त्यावरचं दार घरात उघडतच नाही, पडवीत उघडतं. बाबांनी एका उघड्या दारातून डोकावून पाहिलं आणि म्हणाले, "अगं, दार उघडलं तरी माणूस बाहेरच!" भिंतींवर लोखंडी गोल चकत्या दिसतात, त्या १८८६ च्या भूकंपानंतर घरं आवळून धरायला घातलेल्या सळयांची टोकं.

आता फजिती. बाजाराजवळच्या एका सखल जागेत गाडी लावली. आकाश स्वच्छ, पावसाचा थेंब नाही. दोन तासांनी आलो तर चाकांखाली घोटाभर पाणी. समुद्राचं खारं पाणी, गटारांतून वर आलेलं! इथे मोठ्या भरतीला असं होतं म्हणे. बाबा सकाळीच म्हणाले होते, "काल पौर्णिमा झाली, आज उधाण असणार, गाडी उंचावर लाव." जन्म अलिबाग तालुक्यात गेलेल्या माणसाचं ऐकायला काय जात होतं आमचं. नवऱ्याने बूट हातात घेऊन गाडी बाहेर काढली आणि पुढचे दोन दिवस बाबा ओहोटी-भरतीच्या वेळा जाहीर करत होते.

पण धागा काढण्याचं कारण वेगळंच आहे.

चार्ल्स्टनच्या सिटी मार्केटमध्ये गल्ला-गीची समाजाच्या बायका गवताच्या टोपल्या विणत बसतात. पश्चिम आफ्रिकेतून गुलाम करून आणलेल्या लोकांचे हे वंशज. गोड वासाचं स्वीटग्रास, लव्हाळा, पाइनच्या लांब सुया, आणि हे सगळं गुंडाळून शिवायला पाल्मेटो ताडाच्या पात्याच्या चिरफळ्या. हातात हत्यार एकच : जुन्या चमच्याचा घासून चपटा केलेला दांडा. त्याने विणीत भोक पाडायचं, चिरफळी ओवायची, ओढायची. आई तिथे पंधरा मिनिटं उभी. मग एका पसरट, गोल टोपलीकडे बोट दाखवून म्हणाली, "हे काय गं, सूप का?"

थोरल्याने विचारलं. बाई म्हणाल्या, ही 'फॅनर'. भात कांडून झालं की तूस उडवायची.

आई एकदम अलिबाग-पेणच्या खारेपाटातली झाली. "सुपाला एक बाजू उघडी लागते. याला चहूकडून काठ. पाखडणार कशी?" थोरल्याने जमेल तसं इंग्रजीत सांगितलं. बाई हसल्या, उठल्या, टोपली दोन्ही हातांनी धरून दाणे वर उडवल्यासारखी झेलली, पुन्हा उडवली, आणि ओठांनी फू करून वारा दाखवला. आई म्हणाली, "हां, म्हणजे हे वारवणं. पाखडणं नव्हे." मग आईने हवेतच सूप धरून आमचं पाखडणं दाखवलं, मनगटाचा तो झटका आणि मध्येच बोटांनी थाप. दोन बायका, भाषा एक नाही, मध्ये तेरा वर्षांचा दुभाषी लाजून लाल.

तेवढ्यावरून आईने सगळी सहलच वेगळ्या डोळ्यांनी पाहिली. चार्ल्स्टनजवळच्या एका प्लांटेशनवर लाकडी उखळ आणि दोन्ही टोकांनी चालणारं मुसळ होतं. आईने उचलून पाहिलं, वजन जोखलं आणि विचारलं, "दिवसाला किती कांडायला लावायचे?" तिथला मार्गदर्शक क्षणभर गप्प झाला. मग नीट, शांतपणे उत्तर दिलं. मोठ्या घरातल्या झुंबराबद्दल आईने एक प्रश्न विचारला नाही.

ब्यूफर्ट, सव्हाना, सेंट ऑगस्टिनचं प्रतिसादांत लिहिते. हात दुखले.

पुणेरी_टेक्सन

मस्त लिहिलंय. चार्ल्स्टनला दोन रात्री पुरतात का? आणि फोर्ट समटरची बोट घेतली का? आम्ही उन्हाळ्यात गेलो होतो, वितळलो.

खारीबिस्कीट

पुरत नाहीत, पण शाळेची सुट्टी रबरासारखी ताणता येत नाही. बोट घेतली. १२ एप्रिल १८६१ ला यादवी युद्धाचे पहिले गोळे याच किल्ल्यावर पडले. किल्ल्यावर एक तास मिळतो, तो पुरतो. टोपी न्या, सावली कमी आहे. बाबांनी किल्ल्याला दहापैकी चार गुण दिले ("कुलाबा किल्ल्यात निदान गोड्या पाण्याची विहीर आहे").

शाकाहारी_वाघ

मुख्य प्रश्न कुणी विचारलाच नाही. खाल्लंत काय? मी शुद्ध शाकाहारी. दक्षिणेत माझं काय होईल?

मिरची_ठेचा

@शाकाहारी_वाघ, वजन कमी होईल.

गंमत बाजूला. मी सव्हानात सहा वर्षं राहते, म्हणून सांगते. दिसायला शाकाहारी ते शाकाहारी नाही. कोलार्डची पालेभाजी डुकराच्या हाडाबरोबर शिजवतात. 'हॉपिन जॉन' म्हणजे भात आणि चवळी, नवीन वर्षाच्या पहिल्या दिवशी शुभ म्हणून खातात, पण त्यातही डुकराचं मांस असतं. लाल भातात बेकन. ग्रिट्स म्हणजे मक्याच्या कण्या, त्याही कधी कधी कोंबडीच्या पाण्यात शिजवतात. प्रत्येक ठिकाणी विचारा. तळलेली भेंडी, कॉर्नब्रेड आणि तळलेले हिरवे टोमॅटो बहुतेक ठिकाणी मिळतात, फक्त कशात तळलंय ते विचारा.

आणि रस्त्याच्या कडेला हाताने रंगवलेली पाटी दिसेल : 'बॉइल्ड पीनट्स'. थांबा. मिठाच्या पाण्यात तासन् तास उकडलेल्या ओल्या शेंगा. आपल्याच. ते 'केजन' म्हणून तिखटातल्याही देतात. अमेरिकेच्या उरलेल्या भागाला हा प्रकार कळत नाही, आपल्याला समजावून सांगावा लागत नाही.

खारीबिस्कीट

शेंगा! हायवे १७ वर एका ट्रकमागे मोठं पातेलं उकळत होतं. बाबांनी तीन पिशव्या घेतल्या. गाडीत सालांचा ढीग, आणि विकणाऱ्या आजोबांना बाबांनी मराठीतच सांगितलं, "मीठ बरोब्बर आहे." त्यांनी "येस सर" म्हटलं. व्यवहार पूर्ण.

आम्ही मासे खाणारे, त्यामुळे चंगळ. कोळंबी आणि ग्रिट्स सगळ्यांना आवडलं. 'शी-क्रॅब सूप' म्हणजे मादी खेकड्याचं, गाबोळीसकट, साय घातलेलं. आईचं मत : "चव आहे, पण खेकड्याला दुधात कशाला बुडवायचं?" एका दिवशी संकष्टी आली. त्या दिवशी आई भाकरवडीसुद्धा नको म्हणाली, केळी आणि उकडलेल्या शेंगांवर राहिली.

दिवाणखाना

वर्णन छान, पण एक विचारतो, राग नसावा. सुट्टीवर आठ वर्षांच्या मुलीला घेऊन गुलामगिरीची संग्रहालयं कशाला? घरं, झाडं, समुद्र बघावा, आइस्क्रीम खावं. आपला त्या इतिहासाशी संबंध काय?

खारीबिस्कीट

राग नाही. आइस्क्रीमही खाल्लं, सव्हानात १९१९ पासूनचं लिओपोल्ड्स आहे, रांग लावून.

पण ती घरं बांधली कुणी आणि कशाच्या पैशावर, हे वगळायचं तर उरतं काय? रंग. चामर्स स्ट्रीटवर जुना गुलामबाजार आहे, आज तिथे संग्रहालय आहे. १८५६ मध्ये शहराने उघड्या रस्त्यावर माणसांचा लिलाव करायला बंदी केली, म्हणून तो भिंतींच्या आत गेला. विक्री थांबली नाही, नजरेआड झाली. धाकटीला आम्ही तिथे नेलं नाही, ती आईबरोबर बागेत थांबली. थोरल्याला नेलं. बाहेर आल्यावर तो बराच वेळ बोलला नाही, मग म्हणाला की टोपलीवाल्या आजींना मी 'किती वर्षं विणताय' असं विचारलं, 'कुणाकडून शिकलात' असं विचारायला हवं होतं.

शेतकऱ्याचा_पोर

@खारीबिस्कीट, तुमच्या आई खारेपाटातल्या म्हणालात म्हणून लिहितो, मीही पेण भागातला. चार्ल्स्टन ते ब्यूफर्ट हायवे १७ ने गेलात ना? ॲशपू, कोंबाही आणि एडिस्टो या तीन नद्यांचं खोरं लागतं. दोन्ही बाजूंना सपाट पाणथळ जमीन आणि मधून मधून सरळ रेषेत बांध. ती जुनी भातशेती. भरतीचं पाणी वर चढलं की नदीचं गोडं पाणी वर ढकललं जातं, ते बांधाच्या दारातून शेतात घ्यायचं, ओहोटीला बाहेर सोडायचं. त्या दाराला तिथे 'ट्रंक' म्हणतात, कारण सुरुवातीला पोखरलेला झाडाचा ओंडका वापरत. आपल्याकडची उघाडीच. गोव्याच्या खाजन शेतीत तिला मानस म्हणतात. फरक एक : आपण खारं पाणी बाहेर ठेवायला दार बांधतो, ते गोडं पाणी आत घ्यायलाही वापरत.

आणि ही विद्या मळेवाल्यांची नव्हती. पश्चिम आफ्रिकेच्या भात पिकवणाऱ्या किनाऱ्यावरून आणलेल्या माणसांना पाण्यातलं भात ठाऊक होतं. मैलोन् मैल बांध त्यांनी फावड्याने घातले, दलदलीत, हिवतापात. 'कॅरोलायना गोल्ड' तांदूळ युरोपात विकला गेला आणि चार्ल्स्टनमध्ये झुंबरं लागली.

खारीबिस्कीट

अहो, तुम्ही आधी कुठे होतात! आईने गाडीतून बांध ओळखला होता. "ही खारजमीन आहे, उघाडी कुठाय बघा," म्हणत काचेला नाक लावून बसली होती. नवऱ्याला वाटलं, आईंना घरची आठवण येतेय. तुमचा प्रतिसाद वाचून दाखवला तर म्हणाली, "मग! मी काय सांगत होते."

कोंबाही नदी ओलांडताना पुलावर हॅरिएट टबमनचं नाव आहे. स्वतः गुलामगिरीतून पळालेली आणि मग इतरांना सोडवणारी बाई. २ जून १८६३ ला तिच्या मार्गदर्शनाखाली उत्तरेच्या सैन्याच्या बोटी या कोंबाही नदीतून वर गेल्या आणि सातशेहून जास्त माणसं मळ्यांमधून सुटली. भाताच्या खाचरांतून धावत आली ती, काहींच्या हातात शिजत्या भाताचं भांडं होतं अशी आठवण टबमनने सांगितली आहे. आईला हे सांगितल्यावर ती म्हणाली, "चूल सोडून जाताना भात टाकवत नाही." आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

रविकिरण_मंडळी_नव्हे

चरीचा संप आठवला. १९३३ ते १९३९, अलिबागच्या खारेपाटात कुळांनी सहा वर्षं भात पेरलं नाही. नारायण नागू पाटील पुढे होते, आंबेडकरांनीही पाठिंबा दिला होता. म्हणजे @दिवाणखाना, भात आणि पिळवणूक यांचा आपला संबंध आहे की.

शेतकऱ्याचा_पोर

संबंध आहे, पण बरोबरी करू नये असं मला वाटतं. माझे पणजोबा त्या संपात होते. खोताने पिळलं, उपाशी ठेवलं. पण त्यांची मुलं विकली नाहीत कुणी. संप करता आला, हाच मोठा फरक.

दिवाणखाना

हे मान्य. मी फक्त लहान मुलीबद्दल विचारलं होतं. असो. पुढे लिहा.

खारीबिस्कीट

तुमचा प्रश्न बरोबरच होता, म्हणून तर धाकटीला बागेत ठेवलं.

ब्यूफर्ट. (दक्षिण कॅरोलायनातलं ते 'ब्यूफर्ट', उत्तर कॅरोलायनात त्याच स्पेलिंगचं 'बोफर्ट'. चुकलात तर लोक प्रेमाने दुरुस्त करतात, दर वेळी.) लहानसं, १७११ चं गाव, खाडीवर. इथला नायक रॉबर्ट स्मॉल्स. गुलाम, पण जहाज चालवण्यात तरबेज. १३ मे १८६२ च्या पहाटे, गोरे अधिकारी किनाऱ्यावर झोपायला गेले असताना त्याने 'प्लांटर' नावाचं जहाज चार्ल्स्टन बंदरातून काढलं. वाटेत बायकामुलांना घेतलं, कप्तानाची गवती टोपी घातली, किल्ल्यांपाशी नेहमीच्या शिट्ट्या बरोबर वाजवल्या आणि जहाज उत्तरेच्या आरमाराच्या हवाली केलं. पुढे ब्यूफर्टमध्ये आपल्या जुन्या मालकाचंच घर त्याने विकत घेतलं आणि अमेरिकेच्या संसदेत निवडून गेला. थोरल्याला आग्र्याहून सुटका आठवली. बाबा इतिहासाचे निवृत्त मास्तर, लगेच दोन्हींच्या पहारेकऱ्यांची तुलना सुरू. आम्ही शेंगा सोलल्या.

सव्हाना. हिचं वैशिष्ट्य चौक. १७३३ मध्ये ओगलथॉर्पने आखलेलं शहर, थोड्या थोड्या अंतरावर झाडांनी झाकलेला चौक. एकूण २४ होते, २२ उरलेत. म्हाताऱ्या माणसांना घेऊन हिंडायला याहून बरं शहर मी पाहिलं नाही : एक चौक, एक बाक, पुढचा चौक, पुढचा बाक. नदीकाठच्या रिव्हर स्ट्रीटला उतरताना मात्र सांभाळा. जहाजांना वजन म्हणून आणलेल्या दगडांची फरसबंदी आहे आणि पायऱ्या उभ्या. आईचे गुडघे पाहून आम्ही लिफ्ट शोधली. खाली मिठाईच्या दुकानात पेकनची गरम प्रॅलिन चाखायला देतात. धाकटी तीनदा रांगेत उभी राहिली, तिसऱ्यांदा टोपी घालून. स्मॉल्सचा परिणाम.

मिरची_ठेचा

सव्हानाबद्दल लोक एक विसरतात. जॉर्जियात सुरुवातीला गुलामगिरीवर बंदी होती! १७५१ ला उठवली. शेजारी कॅरोलायनात भातावर पैसा होताना दिसत होता, मग तत्त्व किती दिवस टिकणार.

झाडांवरून लोंबणाऱ्या त्या राखाडी जटा, 'स्पॅनिश मॉस', स्पॅनिशही नाही आणि शेवाळंही नाही. अननसाच्या कुळातली वनस्पती. खाली पडलेल्या उचलून गळ्यात घालू नका, फोटोसाठी सुद्धा. लाल किडे असतात. खाज आठवडाभर. (अनुभव.)

पुणेरी_टेक्सन

भुताची सहल केलीत का? सव्हानात तेच प्रसिद्ध.

खारीबिस्कीट

बाबा म्हणाले, "कोकणात भुतं फुकट आहेत." संपला विषय.

सेंट ऑगस्टिन, फ्लोरिडा. १५६५ चं, अमेरिकेतलं सर्वांत जुनं शहर. बाबांनी तत्काळ : "तालिकोटची लढाई त्याच वर्षी." कास्तिल्यो दे सान मार्कोस हा किल्ला सहलीतला सर्वांत आवडता. १६७२ ला काम सुरू, म्हणजे राज्याभिषेकाच्या दोन वर्षं आधी. दगड 'कोकिना', म्हणजे शिंपल्यांचे तुकडे दबून झालेला. भिंतीला हात लावला तर शिंपले बोटाला लागतात. १७०२ ला इंग्रजांनी वेढा घातला, तेव्हा तोफांचे गोळे भिंत फोडण्याऐवजी तिच्यात रुतून बसले. गाव जाळलं, किल्ला घेता आला नाही. बाबांनी भिंतीवर टिचकी मारून दहापैकी नऊ गुण दिले. एक गुण वसईसाठी राखून ठेवला.

चौकस_काका

दुरुस्ती. 'सर्वांत जुनं शहर' असं सरसकट म्हणू नये. युरोपीय लोकांनी वसवलेलं आणि अखंड नांदतं, तेही मुख्य भूमीवरचं, असं म्हणा. पोर्तो रिकोतलं सान हुआन त्याहून जुनं आहे आणि न्यू मेक्सिकोतली पुएब्लो लोकांची गावं त्याच्या शेकडो वर्षं आधीची.

शिवाय उत्तरेला दोन मैलांवर फोर्ट मोसे पाहिलं नाहीत वाटतं. कॅरोलायनातले गुलाम पळून दक्षिणेला स्पॅनिश हद्दीत येत, कारण धर्म बदलून स्पेनच्या राजाची चाकरी पत्करली की स्वातंत्र्य मिळे. १७३८ ला त्यांची स्वतंत्र वसाहत झाली. तुमच्या भातशेतीतून सुटणाऱ्यांची वाट तीच होती, म्हणजे तुम्ही तोच रस्ता गाडीने आलात.

खारीबिस्कीट

काका, दुरुस्ती मान्य. आणि फोर्ट मोसे खरंच हुकलं. त्या दिवशी दीपगृहाच्या २१९ पायऱ्या चढून मुलांचे पाय गेले होते. तुमचं शेवटचं वाक्य वाचून हळहळ वाटली.

शाकाहारी_वाघ

टोपली घेतलीत की नाही शेवटी? किंमत?

खारीबिस्कीट

मोठी फॅनर काही शे डॉलरची होती. एकेका टोपलीला आठवडे जातात, त्यामुळे घासाघीस करायचा विचारही आईने करू दिला नाही. तळहाताएवढी घेतली, साठ डॉलरला. आईने विचारलं, यात ठेवायचं काय? मी म्हटलं, किल्ल्या ठेवू.

काल स्वयंपाकघरात गेले तर आई ओट्याशी, पंखा लावलेला, आणि त्या एवढ्याशा टोपलीत मूठभर तांदूळ वर उडवून झेलत होती. तूस नव्हतंच, इथला तांदूळ धुतल्यासारखा स्वच्छ येतो. जमिनीवर दाणेच दाणे. म्हणाली, "मनगट नाही वापरायचं, दोन्ही दंड वापरायचे. आत्ता कळलं."

झाडू मी मारला.

मिरची_ठेचा

पुढच्या वेळी सव्हानाला आलात तर आमच्याकडे उतरा. आईंना घेऊन. माझ्याकडे खरं सूप आहे, चिपळूणहून बॅगेत आणलेलं. कस्टमवाल्याने विचारलं होतं हे काय, मी म्हटलं टोपली.